भागेल का

सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, पास झाले.
आधी चार गुणांनी हुकले होते, मग दोन.
बहीण म्हणाली, हेल्वी, बावीस वर्षं रात्ररात्र जागून
माणसांच्या छातीला वायरी लावल्यास,
आता खिशाला लावणार?
हसलो दोघी. मग तिनं विचारलं, पगार किती?
पगार नाही, म्हटलं. येईल त्यातला वाटा.

डुलूथला जानेवारीत सरोवर वाफाळतं,
लोहखनिजाची जहाजं मार्चपर्यंत धक्क्याला निजतात.
उताराच्या रस्त्यावर, पूर्वी लॉन्ड्री होती तिथं,
माझं टेबल. भिंतींना अजून इस्त्रीचा ओला वास.
साहेब माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान.
म्हणाला, आधी ओळखीच्या दोनशे जणांची यादी कर.

बसले करायला.
जवळून ओळखत होते ती माणसं म्हणजे:
खाट क्रमांक नऊ, पहाटे तीनला बेसबॉलवर बोलणारा;
ती शिक्षिका, शेवटच्या रात्रीही माझं व्याकरण सुधारणारी;
एक पाववाला, त्याला लेकीचं नाव आठवेना,
यीस्टचं प्रमाण मात्र चमच्यानिशी पाठ.
यांची नावं यादीत चालत नाहीत.
उरले एकतीस. त्यात दातांचे डॉक्टर धरून.

सव्विसावा ऑर्व्हिल ट्रेटेल.
चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत.
कागद गळाच्या पेटीत घालून आणले,
बँकेच्या पत्रांना शिशाचा वास.
फॉर्ममधला पहिला प्रश्न:
जोखीम किती सोसाल, एक ते दहा?

हाच आकडा मी रात्रभर मागत असे.
दुखतंय किती, एक ते दहा?
आणि खलाशी, लाकूडतोडे, त्यांच्या बायका,
सगळे म्हणत, तीन.
ओठ चावून फुटलेला, तरी तीन. हातचा राखून.
दुखणं अंगावर काढणारी ही माणसं,
तोटाही अंगावरच काढत असणार.

ऑर्व्हिल म्हणाला, आठ.
खुर्चीचा हात मात्र सोडला नाही.
मी तीन लिहिलं.

मग म्हणाला, लोर्नाचं भागेल का?
म्हणजे मी नसताना.
ती हल्ली शेगडी चालू ठेवून फिरायला जाते.

गणित सोपं आहे. वर पैसे, खाली वर्षं.
कंपनीचा तक्ता खाली सगळ्यांनाच ब्याण्णव देतो.
मी पेन शोधायला म्हणून वाकले
आणि टेबलाखाली पाहिलं:
बुटांच्या नाड्या सुटलेल्या,
घोटे सुजून मोज्याची कड मांसात रुतलेली.
वर आले तर नखं दिसली. जांभळट.

कोपराखाली एक पत्रक होतं,
त्यावर ठसठशीत अक्षरांत: हयातभर उत्पन्न.
कोणाची हयात, ते बारीक अक्षरांत.
त्यावर सही झाली असती तर माझं दोन महिन्यांचं भाडं सुटत होतं,
आणि तो सहीला तयार होता. टोपण काढून बसला होता.

म्हटलं, सही आज नको. कोट घाला.
माझ्याच गाडीतून टेकडीवर नेलं, जुन्या वॉर्डात.
लिफ्टमध्ये तो म्हणाला, बाई, हे फॉर्ममध्ये आहे का?
नाही, म्हटलं.

त्या महिन्यात माझं भागलं नाही.
बहिणीकडून उसने घेतले. तिनं तारीख लिहून ठेवली,
पुढे माझी सही घेतली. बरोबरच आहे.

एप्रिलात, बर्फ फोडत पहिलं जहाज आलं त्या आठवड्यात,
भेटवस्तूंच्या नोंदवहीत मी नियमाप्रमाणे लिहिलं:
धुरावर भाजलेला मासा, एक, वर्तमानपत्रात गुंडाळून.
देणारा: ऑ. ट्रेटेल. अंदाजे किंमत नऊ डॉलर.
शेरा: सल्लागारानं खाल्ला, डोकं मांजराला.

लोर्नाच्या गणितात खालची जागा अजून कोरी आहे.
मंगळवारी तो पुन्हा येऊन बसला.
नाड्या बांधलेल्या होत्या, दोन्ही बुटांच्या,
खलाशी बांधतात तशा.